परकारकाकांचा हीटर

परकारकाका पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी सलाम केला नाही, नमस्कार केला नाही, नावही सांगितलं नाही. दार उघडल्याबरोबर सरळ हॉलमध्ये गेले, एसीखाली उभे राहिले, उजवा तळहात वर धरला आणि डोळे मिटले. मी नुकतीच सांगलीहून सौदीतल्या अल खोबरला आलेली. नवरा ऑफिसात. आणि एक अनोळखी, टक्कल पडलेला, लुंगीवर स्वेटर घातलेला गृहस्थ माझ्या हॉलच्या मध्यभागी समाधी लावून उभा. महिना जुलैचा होता, हे त्या स्वेटरसाठी सांगितलं पाहिजे.

डोळे उघडून ते म्हणाले, "गॅस कमी हय." मग माझ्याकडे वळले. "तू नवी आलीस ना? मी परकार, वरच्या मजल्यावरचा. मूळ दाभोळच्या खाडीवरचा. पाणी दे घोटभर. फ्रीजमधलं नको, थंड मी दिवसभर करतंय."

काका एका मेंटेनन्स कंपनीत एसीचे सुपरवायझर होते. मिसरूड फुटण्याच्या वयात हेल्पर म्हणून सौदीत आले, खांद्यावरून कंप्रेसर वाहिले, आणि आता हाताखाली माणसं असूनही शिडी दिसली की आधी स्वतः चढत. या देशात तेल काढणारे मोठे की थंडी करणारे मोठे, या प्रश्नाचा त्यांनी स्वतःपुरता निकाल लावून टाकला होता. धाहरानच्या तेल कंपनीत कुणाचा मुलगा लागला, कँपात घर मिळालं, असं कुणी कौतुकानं सांगायला लागलं की काका त्याच्याकडे दयेनं बघत. "तेल काय, जमिनीत होतंच. ते फक्त वर काढतात. थंडी कुठं होती? ती आम्ही आणली. ऑगस्टात एक दिवस बटण बंद करा, मग बघू कोण तेल काढतंय."

माणसांची त्यांनी एसीच्या डिग्रीवर वर्गवारी केलेली होती. मोकळ्या हाताचा माणूस अठराचा. जपून वागणारा, पाहुण्याला अर्धाच कप चहा देणारा चोवीसचा. त्यांचा कंपनीतला मुदीर, म्हणजे मॅनेजर, नुसता फॅन मोडवर चालणारा: आवाज भरपूर, थंडावा शून्य. माझा नवरा अविनाश एका पेट्रोकेमिकल कंपनीत मोजमापाच्या यंत्रांचा इंजिनीयर आहे. त्याला काकांनी पहिल्याच भेटीत चोवीस दिले आणि ते शेवटपर्यंत बदलले नाहीत. मला म्हणाले, "तू बावीस. चांगली हयस, पण आवाज करतेस." मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते. काकांच्या लेखी मात्र मी डॉक्टर होते, आणि मीही ते फार जोरात नाकारलं नाही.

एका गोष्टीची त्यांना मनापासून चीड होती, ती म्हणजे 'डायरेक्ट'. आमच्या बेडरूमचा एसी एकदा चालू होईना. बिल्डिंगच्या इलेक्ट्रिशियननं थर्मोस्टॅट काढून दोन वायरी एकमेकींना जोडून दिल्या. एसी जो सुरू झाला तो थांबेचना. दुसऱ्या दिवशी आतल्या नळ्यांवर बर्फाचा थर, भिंतीवरून पाण्याचा ओघळ. काका आले, त्यांनी ती जोडलेली वायर बघितली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे दुःख उमटलं ते मी पुढे फक्त नापास झालेल्या मुलांच्या बापांच्या चेहऱ्यावर पाहिलं. अविनाशला समोर बसवून त्यांनी तासभर सुनावलं. "मशीनला विचारायला लागतं, बाबा, पुरे झालं काय, अजून पायजे काय. ते विचारणारं माणूस म्हणजे थर्मोस्टॅट. त्यालाच हाकलून दिलंस तर मशीन मरेपर्यंत धावणार. मी आयुष्यात एक मशीन डायरेक्ट केलेलं नाय." एका हेल्परला त्यांनी एवढ्याच कारणावरून दुसऱ्या साइटवर पाठवून दिलं होतं, असं ऐकलं.

काकी मात्र कुठल्याच डिग्रीत बसत नव्हत्या. आयुष्याचा बहुतेक भाग त्या दाभोळला राहिल्या. सासू-सासरे, मुलं, आंबे सगळं त्यांनी सांभाळलं आणि काका दोन वर्षांतून एकदा रजेवर येत राहिले. मुलांची लग्नं झाल्यावर काकी दर हिवाळ्यात व्हिजिट व्हिसावर येऊ लागल्या. आल्या की वरच्या फ्लॅटमध्ये दोन हवामानं तयार होत. एका खोलीत काका, एसी अठरावर, अंगावर ब्लँकेट. दुसऱ्या खोलीत काकी, एसी बंद, खिडकी उघडी, गुडघ्यांवर शाल. काकींना दमा होता. गार हवा लागली की छाती वाजायची. मधल्या पॅसेजमध्ये उभं राहिलं की एका पायाला थंडी आणि दुसऱ्याला घाम, असं मी स्वतः अनुभवलंय. दार कुणी उघडं ठेवलं यावरून रोज वाद व्हायचा. एवढी वर्षं लांब राहून एकत्र आलेली दोन माणसं, आणि बोलणी सगळी दाराच्या फटीतून.

त्यांच्या लग्नाची गोष्ट काकींनीच मला सांगितली, तीही काकांच्या समोर. त्या काळी आखातात गेलेला प्रत्येक मुलगा घरी एक फोटो पाठवायचा: रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाडीला टेकून, डोळ्यांवर काळा चष्मा. काकांनीही पाठवला. गाडी जुनी, गोल पाठीची जर्मन बीटल. तो फोटो दाभोळहून काकींच्या गावी गेला.

"पोरगा गाडीला टेकून उभा हय म्हणून बाबांनी हो म्हटलं," काकी म्हणाल्या. "लग्नानंतर कळलं, नुसताच टेकला होता."

"मी कुठं बोललो गाडी माझी हय?" काका उसळले. "टेकायला बंदी हय काय?"

हा संवाद त्यांच्या घरात दर आठवड्याला एकदा तरी होत असावा, कारण दोघांचीही वाक्यं अगदी घासून गुळगुळीत झालेली होती. पण काकांना ते लागलेलं होतं. म्हणून निवृत्तीच्या काही वर्षं आधी, एका म्हाताऱ्या सौदी गिऱ्हाइकाच्या शेतावर एसी बघायला गेले असताना गोठ्यामागे ताडपत्रीखाली तशीच गोल पाठीची गाडी दिसली, तेव्हा काका एसी विसरले. मालक म्हणाला, घेऊन जा, इथे बकऱ्या चढून बसतात तिच्यावर. काकांनी ती आणली, दोन वर्षं दर शुक्रवारी तिच्यात डोकं घालून बसले, पिस्त्याचा रंग दिला आणि चालू केली. फोटोतली गाडी कुठल्या रंगाची होती हे आता फोटो एवढा उडाल्यावर कुणालाच सांगता येत नव्हतं, ही काकांच्या पथ्यावरच पडलेली गोष्ट. शिवाय या गाडीचं इंजिन पाण्यावर नाही, नुसत्या हवेवर थंड होतं. "रेडिएटर नाय, पाणी नाय. फक्त हवा," काका मागच्या इंजिनाच्या झाकणावर हात फिरवत सांगायचे. "आमच्याच बिरादरीतली."

काकींना त्यांनी गाडी दाखवली. काकींनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "आता ही कुणाची?"

निवृत्तीचा शेवटचा हिवाळा आला. फायनल एक्झिट लागणार, इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द होणार, मग परत यायचं नाही. काकांनी काकींना विचारलं, जायच्या आधी काय बघायचंय ते सांग. रियाध बघ, जेद्दा बघ, मॉल बघ. काकी म्हणाल्या, "बर्फ."

काकी शांतपणे शालीचा पदर सारखा करत होत्या. "माणसानं केलेली थंडी मी लय बघितली. ह्यांनी जन्मभर तेवढंच केलं. अल्लानं केलेली एकदा बघते. तबूककडं पडतो म्हणतात, टीव्हीवर दाखवतात."

काकांचा चेहरा उजळला. तबूकजवळच्या डोंगरावर काही हिवाळ्यांत बर्फ पडतो हे खरं आहे. तो पडला की अर्धं राज्य गाड्या काढून तिकडे धावतं. काका म्हणाले, आपल्या गाडीनं जायचं. काकींनी तिथेच अट घातली. छाती वाजते, डॉक्टरांनी गार हवेला सक्त मनाई केलीय. "गाडीत ऊब असेल तर मी येते. नायतर तुमी जाऊन या आणि फोटो पाठवा. फोटोची मला सवय हय."

काका उठून खाली गाडीपाशी गेले. ती अट त्यांच्या किती वर्मी लागली होती हे मला नंतर कळलं. ज्या माणसाकडे बायकोनं जन्मात पहिल्यांदा काही मागितलं, त्यानं ते मिळवून द्यायचंच असं ठरवलेलं होतं, आणि वेळ एकाच हिवाळ्याची होती.

अडचण अशी, की या गाडीत ऊब नव्हती. मुळात इंजिनाच्या धुराड्याभोवतीची गरम हवा आत सोडायची तिच्यात सोय असते, पण इथल्या आधीच्या कुठल्या तरी मालकानं तो रस्ता पत्रा ठोकून कायमचा बंद केला होता. खोबरमध्ये राहून गरम हवा आत घेणाऱ्याला कोण शहाणा म्हणेल? पत्रा काढून बघितला तर आतल्या नळ्या गंजून चाळणी झालेल्या. अविनाशनं अतिशय समंजस सूचना केली. "काका, आपण एक मोठी नवी गाडी भाड्यानं घेऊ. त्यात हीटर असतोच. बटण दाबलं की झालं."

काका त्याच्याकडे बघत स्वतःशी पुटपुटले, "चोवीस."

मग काका तशलीहला गेले. दम्मामच्या बाहेर मोडक्या गाड्यांचा तो अवाढव्य बाजार आहे. तिथे माणूस आरसा शोधायला जातो आणि संध्याकाळी अख्खं दार घेऊन येतो. काकांनी तिथल्या सगळ्या दुकानदारांना विचारलं की पेट्रोलवर जळणारा गाडीचा हीटर आहे का. थंड देशांत अशा गाड्यांना तो जोडीला लावत. एक छोटी पेटी, तिच्यात पेट्रोलचे थेंब जळतात, पंखा बाहेरची हवा त्या तापलेल्या पेटीवरून फिरवून आत सोडतो, आणि धूर वेगळ्या नळीनं खाली जातो. दुकानदार हसून हसून बेजार झाले. एकानं चहा पाजला. तिसऱ्या शुक्रवारी एका कोपऱ्यात, कधी काळी कुण्या गोऱ्या इंजिनीयरबरोबर आलेल्या गाडीच्या सांगाड्यातून तो निघाला. दुकानदारानं तो फुकट दिला. ही वस्तू काय आहे हेच त्याला इतकी वर्षं कळलं नव्हतं.

तो हीटर बसवताना काका जसे वागले तसं मी कुठल्या सर्जनला वागताना पाहिलेलं नाही. या गाडीची डिकी पुढे असते आणि तिच्यातच पेट्रोलची टाकी. टाकीच्या शेजारी त्यांनी हीटर बसवला, टाकीपासून पत्र्याचा आडोसा केला, धुराची नळी नवी घातली. धूर आत शिरला तर माणूस बसल्या जागी झोपतो आणि उठत नाही, हे मी त्यांना सांगायला गेले तर म्हणाले, "तू मला गळती शिकवतेस?" प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून, आत हवा भरून, एकही बुडबुडा येत नाही याची त्यांनी खात्री केली. दुसऱ्या दिवशी परत केली. काकी वरच्या गॅलरीतून बघत असत. एकदा मला म्हणाल्या, "आमच्या एवढ्या वर्षांत ह्यांनी माझ्याकडं इतकं निरखून बघितलं नाय." पण त्या रोज गॅलरीत येत होत्या, हेही मी बघत होते.

हीटरचं ऊब कमीजास्त करणारं मूळचं बटण मोडलेलं होतं. काकांना त्याची काय फिकीर! त्यांच्या डब्यात थर्मोस्टॅटच थर्मोस्टॅट. खिडकीच्या एसीचा एक अस्सल, न वापरलेला त्यांनी काढला आणि जोडला. त्याची केसासारखी बारीक तांब्याची नळी आणि तिच्या टोकाला असलेलं बोटाएवढं नळकांडं, जे हवा किती गरम आहे ते ओळखतं, डॅशबोर्डखाली नीट गुंडाळून ठेवलं. "वीसवर लावलंय," ते म्हणाले. "तिला वीस पुरे."

चाचणी कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर झाली. नोव्हेंबरची संध्याकाळ, समुद्राकडून दमट हवा, लोक आइस्क्रीम खात फिरत होते. आम्ही तिघं काचा लावून गाडीत बसलो. काकींना चाचणीला बोलावलं नव्हतं. काकांनी बिस्मिल्ला म्हणून बटण दाबलं. आधी टकटक आवाज आला, मग फुर्र झालं, पेट्रोलचा एक वास आला आणि गेला, आणि पायाशी गरम हवा यायला लागली. काका आनंदानं ओरडलेच. थोड्या वेळात अविनाशचा शर्ट पाठीला चिकटला. मी मागे बसून दुपट्ट्यानं वारा घेत होते.

"काका, पुरे!"

"थांब. थांबते काय ते बघू."

ते थांबलं नाही. आम्ही भाजून निघालो तरी थांबलं नाही. काका भिजलेल्या चेहऱ्यानं म्हणाले, "ताकद बघ मशीनची!" शेजारच्या गाडीतल्या सौदी कुटुंबानं आमच्या बंद काचांकडे बघून पाण्याची बाटली पुढे केली. वीसवर लावलेली वस्तू चाळीसलाही का थांबत नाही, हे आमच्यापैकी कुणालाच खटकलं नाही. खटकावं अशी अपेक्षा ज्याच्याकडून होती तो मोजमापाचा इंजिनीयर काच खाली करायची कडी शोधत होता. घरी आल्यावर इथल्या शाळेत जाणाऱ्या आमच्या मुलीनं आम्हाला बघितलं आणि म्हणाली, "आई, यू गाइज आर क्रेझी." मुलीनं ते इंग्रजीत म्हटल्यामुळे काकांना ते कौतुक वाटलं.

मग गाडीची वार्षिक तपासणी, म्हणजे फहस. तपासणीवाल्या तरुणानं पुढची डिकी उघडली आणि तो त्या पेटीकडे बघत राहिला. काका अभिमानानं म्हणाले, "दफाया." म्हणजे हीटर. तरुणानं विचारलं, "दफाया? हिना?" इथे? काका म्हणाले, हो, इथे. त्यानं शेजारच्या रांगेतल्या दोघांना हाक मारली, त्या दोघांनी आणखी कुणाला तरी बोलावलं. सगळ्यांनी हीटरबरोबर आणि काकांबरोबर सेल्फी काढले. ब्रेक, दिवे, टायर सगळं चोख होतं, तेव्हा गाडी पास झाली. एकानं जाताना काकांचं कपाळ चुंबलं. बहुतेक वयाचा मान म्हणून.

पण नियतीनं म्हणा किंवा नियमानं म्हणा, एक चिमटा काढलाच. गाडी नावावर असताना फायनल एक्झिट लागत नाही. म्हणून जायच्या आधी काकांना ती मदिनेतल्या पुतण्याच्या नावावर करावी लागली. बेत असा ठरला, की तबूकला बर्फ बघायचा, तिथून तसंच गाडीनं मदिनेला जायचं, पैगंबरांच्या मशिदीत जियारत, म्हणजे दर्शन करायचं, गाडी पुतण्याच्या हवाली करायची आणि मदिनेहूनच विमानानं मुंबई. चालवण्याची रीतसर परवानगी पुतण्यानं मोबाईलवरून दिली. काकी ऐकून म्हणाल्या, "म्हणजे परत दुसऱ्याचीच." या वेळी काका उसळले नाहीत. मला वाईट वाटलं.

बर्फ पडल्याचे व्हिडिओ फोनवर आले त्या दिवशी काका बॅगा भरून तयारच होते. पिस्ता गाडी तबूकपर्यंत सतहावरून, म्हणजे गाड्या वाहणाऱ्या सपाट ट्रकवरून जाणार होती. ट्रकचा पेशावरी ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, ये चलती नहीं क्या?" काका म्हणाले, "चलती है. थकाना नहीं है." आणि मुलीला तिच्या मैत्रिणीकडे ठेवून आम्ही चौघं अविनाशनं भाड्यानं घेतलेल्या नव्या मोठ्या गाडीतून निघालो, जिच्यात हीटर होता, आणि बटण दाबलं की झालं होतं.

दोन दिवसांचा रस्ता. वाळवंटात थंडी वाढत गेली तसा अविनाशनं हीटर लावला. मागच्या सीटवर काकींनी शाल सैल केली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "किती बरं वाटतंय." पुढे बसलेल्या काकांनी हळूच हात लांब करून बटण कमी केलं. "सवय लावू नकोस तिला," ते अविनाशच्या कानात म्हणाले. त्यांना काळजी बर्फाचीही होती. दर पेट्रोलपंपावर विचारत, आहे का अजून, वितळला नाही ना. काकी म्हणाल्या, "थांबेल तो. तुमची वाट बघायची सगळ्यांनाच सवय हय."

बर्फ थांबला होता. तबूकला पिस्ता गाडी ट्रकवरून उतरवली, काकी आमच्या उबेतून उठून तिच्यात जाऊन बसल्या, आणि आम्ही मागे मागे डोंगराकडे निघालो. काकांनी हीटर गावात लावला नाही. उद्घाटन वर, बर्फातच करायचं होतं. वर पोचलो तर आजूबाजूला कुटुंबंच्या कुटुंबं, कहव्याच्या किटल्या, शेकोट्या, बर्फाचे गोळे मारणारी मुलं. किसलेल्या खोबऱ्यासारखा बर्फ पडत होता. पुढची गाडी थांबली. आम्ही मागे थांबलो आणि वाट बघत राहिलो.

बराच वेळ काही झालं नाही. मग काका उतरले आणि त्यांनी पुढची डिकी उघडली.

मी धावले. काकी दोन शाली गुंडाळून बसल्या होत्या आणि त्यांची छाती वाजत होती. बटण दाबलं की पंखासुद्धा हलत नव्हता. मी त्यांना दम्याचा पंप दिला आणि जवळजवळ ओढतच आमच्या गाडीत आणून बसवलं. काही वेळात श्वास सुधारला. समोरच्या काचेतून सगळा डोंगर पांढरा दिसत होता. ज्यासाठी दोन दिवस आलो ते समोर पडत होतं, आणि काकी बघत होत्या ते डिकीत वाकलेल्या नवऱ्याकडे. "टोपी घाला म्हणावं ह्यांना," त्या म्हणाल्या.

मी टोपी घेऊन गेले. पेट्रोल होतं, वायरीत करंट होता, पंखा ठीक होता. काकांनी सगळं तपासलं होतं. अविनाश दबकत म्हणाला, "काका, आता एकच राहिलं. थर्मोस्टॅट काढा आणि डायरेक्ट करा."

टोपी काकांनी खिशात कोंबली होती. टकलावरचा बर्फ वितळून चेहऱ्यावर ओघळत होता. ते आत डॅशबोर्डखाली वाकले आणि त्यांनी थर्मोस्टॅट बाहेर ओढला. करणार होते. तिच्यासाठी तेही करणार होते, हे मी डोळ्यांनी बघितलं. पक्कड हातात घ्यायला त्यांनी ते बोटाएवढं नळकांडं दुसऱ्या मुठीत धरलं आणि क्षणभर तसेच थांबले.

टकटक झालं. मग फुर्र.

आम्ही तिघंही दचकलो. काकांनी मूठ उघडली, नळकांडं सीटवर ठेवलं. थोड्या वेळानं हीटर बंद. परत मुठीत धरलं. फुर्र. काका हळूहळू सीटवर टेकले.

"हा एसीचा हय," ते म्हणाले. "गरम झालं की चालू, थंड झालं की बंद. मी ह्याला थंडीत चालू हो बोलतंय. कसा होईल? जन्मभर मी त्याला उलटंच शिकवलंय." कॉर्निशवर तो का थांबत नव्हता ते अविनाशला आणि मला तेव्हा एकदम कळलं. अविनाशला हसू फुटणार होतं, ते त्यानं गिळलं. ती चूक जगात फक्त परकारकाकाच करू शकले असते, आणि मला त्यांच्याकडे बघून रडू आलं.

तेवढ्यात काकी स्वतःच उतरून आल्या. "काय झालं?" काकांनी सगळं सांगितलं. एकही सबब नाही, टेकण्याचा हक्क नाही, काही नाही. जे झालं ते सांगितलं.

काकींनी हात पुढे केला. "द्या इकडं." नळकांडं मुठीत घेतलं, पण त्यांचे हात बर्फाहून गार. काही झालं नाही. मग त्या आपल्या जागेवर बसल्या, शाल बाजूला केली आणि ताप मोजतात तसं ते काखेत धरलं. काका नळी सैल करून देत होते. आम्ही चौघंही कान देऊन उभे-बसलेले. फुर्र झालं.

"मशीनला विचारायला लागतं ना?" काकी म्हणाल्या. "विचारलं मी. बसा आता, चला."

पुढचा रस्ता कड्याच्या बाजूनं जातो आणि मग खाली उतरतो. आम्ही मागेच होतो. बर्फ वाढला होता. एका वळणावर बघते तर पिस्ता गाडीची काकांच्या बाजूची काच खाली गेली. मग काकींच्या बाजूचीही. बर्फ दोन्हीकडून आत शिरत होता. माझा जीव थाऱ्यावर राहिना. मी फोन लावला. काकींनी उचलला. मागे हीटर भट्टीसारखा घोंघावत होता आणि काका मोठमोठ्यानं काहीतरी बोलत होते.

"काकी, काचा लावा! छातीत गार हवा जाईल!"

"अगो, कसली गार! आत भट्टी झालीय. घाम आलाय मला, घाम!" त्या हसत होत्या. त्यांना एवढं मोकळं हसताना मी कधीच ऐकलं नव्हतं.

"मग ते काखेतलं काढून ठेवा ना. नाही तर काकांना सांगा, बटण बंद करा."

"ते कधीचे विचारतायत, बंद करू काय, बंद करू काय," काकी म्हणाल्या. "मी म्हटलं, राहू द्या."

खाली फाट्यावर काकांनी हॉर्न वाजवला. ते मदिनेच्या रस्त्याला लागले, आम्ही तबूककडे वळलो. काचा दोन्ही उघड्याच होत्या.